गुरुवारचा ब्रिज

वारसा संगीत निधीच्या परीक्षक समितीवर मृणालिनी घैसासला घेतलं, ते तिला संगीतातलं फार कळतं म्हणून नव्हे. ती मृदाशास्त्रज्ञ. ओटावात सरकारी शेतीखात्यात एकतीस वर्षं तिने मातीचे नमुने तपासले आणि हजारो पानांचे अहवाल वाचले. निवृत्तीनंतर कुणीतरी तिचं नाव सुचवलं. निरनिराळ्या देशांतून कॅनडात आलेल्या लोकांच्या गाण्याबजावण्याच्या गटांना हा निधी दरवर्षी मदत करायचा, आणि अर्ज मन लावून वाचणारं माणूस त्यांना हवंच होतं. समितीवर पाच जण. काम घरी बसून करायचं. प्रत्येक अर्ज वाचायचा, सोबतची गाणी ऐकायची, गुण द्यायचे.

त्या वर्षी एकतीस अर्ज आले. त्यातले अकरा युक्रेनी गटांचे होते. युद्ध सुरू झाल्यापासून जुन्या गायनवृंदांत नव्याने आलेली माणसं भरती झाली होती, आणि प्रत्येकाला आपापली गाणी टिकवायची घाई झाली होती. मृणालिनीने फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी चहा घेतला, डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एकोणिसाव्या अर्जाला हात घातला.

'लिपा' नावाचा गायनवृंद. ओटावातलाच. अठ्ठेचाळीस वर्षं जुना, चर्चच्या बेसमेंटमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी तालीम. सुगीच्या दिवसांतली बारा जुनी गाणी त्यांना रेकॉर्ड करायची होती. ही गाणी येणारे गायक ऐंशीच्या घरात पोचलेत, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. मृणालिनीला हा सरळपणा आवडला. तिने कडेला चांगले गुण टिपून ठेवले आणि पुरवण्या उघडल्या.

'आमचे गायक गाणी कशी शिकतात' अशा मथळ्याखाली गायकांच्या वह्यांची तीन पानं स्कॅन करून लावली होती. पहिलं पान युक्रेनी अक्षरांत. दुसरं इंग्रजी अक्षरांत. तिसरं देवनागरीत.

तिला आधी वाटलं, आपल्यातल्याच कुणा भजनी मंडळाचा कागद चुकून या फाइलीत आला. तिने वाचून पाहिलं. अक्षर न् अक्षर लागत होतं, पण एकाही शब्दाचा अर्थ लागेना. झेम्ल्या. नेबो. व्होदा. मग तिची नजर शब्दांवरून सरकून अक्षरांवर गेली. 'ल'ची शेपटी खाली ओढलेली. महत्त्वाच्या शब्दाखाली सरळ रेघ नाही, नागमोडी. ओळ संपली की टिंबाऐवजी बारीकसं वर्तुळ.

मृणालिनीने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

हे अक्षर तिने सत्तेचाळीस वर्षं ग्रोसरीच्या याद्यांवर, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर, टॅक्सच्या पाकिटांवर पाहिलं होतं. हे चंद्रकांतचं अक्षर होतं. आणि चंद्रकांतला, तिच्या नवऱ्याला, जाऊन तेरा महिने झाले होते.

पानाखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. 'आमचे दिवंगत बास, म्हणजे खर्जातले, गायक चंद्रा यांची वही. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही गुरुवार चुकवला नाही.'

ती खुर्चीत मागे टेकली. तिने चहाचा कप हातांत धरला, तो केव्हाच गार झाला होता.

गुरुवारी चंद्रकांत ब्रिज खेळायला जायचा. पंचवीस वर्षं. त्याच्या लॅबमधला स्टीव्ह त्याचा पार्टनर होता. ती नेहमी विचारायची, "कोण जिंकलं?" आणि तो बूट काढता काढता म्हणायचा, "बरा झाला खेळ." तिला पत्त्यांत रस नव्हता. तिने पुढे कधी काही विचारलं नाही.

अर्जासोबत गाण्याचे तीन तुकडे होते. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं: 'एकल स्वर, चंद्रा, २०१६.' तिने बोट ठेवलं आणि उचललं. उठून खिडकीपाशी गेली. समोरच्या ड्राइव्हवेमध्ये शेजारी बर्फ शोव्हल करत होता. त्याने हात हलवला, तिनेही हलवला. मग परत येऊन तिने गाणं लावलं.

आधी बायकांचे आवाज आले, एकावर एक रचलेले. ते हळूहळू खाली बसले आणि त्यांच्या तळातून एक पुरुषी आवाज वर आला. खोल, रुंद, अजिबात घाई नसलेला. विहिरीत वाकून हाक मारली की जसा घुमतो तसा. तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. म्हणजे बोलताना ऐकलेला तो आवाज हा नव्हताच. पण चौथ्या ओळीला गाणाऱ्याने श्वास घेतला, नाकाने, मध्येच अडखळून, आणि तो श्वास तिच्या ओळखीचा निघाला. सत्तेचाळीस वर्षं तो तिच्या उशीशेजारी होता.

तिच्या तोंडून आवाज निघाला तो कसला, तिलाच कळलं नाही.

तासाभराने तिने निधीच्या कार्यालयात मोनिकला फोन केला. अर्जांचं सगळं काम मोनिक बघायची.

"एकोणिसाव्या अर्जातून माझं नाव काढ," मृणालिनी म्हणाली. "नात्याचा प्रश्न आहे. मला गुण देता येणार नाहीत."

"काही हरकत नाही, होतं असं. नातं काय म्हणून लिहू?"

"त्यांचा एक गायक माझा नवरा होता."

"ओ. मग सुरुवातीला यादी पाठवली तेव्हाच सांगायचं ना, गटाचं नाव तर त्यात होतंच."

"मला माहीत नव्हतं."

"गट अर्ज करतोय हे माहीत नव्हतं?"

"नाही. तो गातो हे माहीत नव्हतं."

पलीकडे मोनिक अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी नुसतं 'कौटुंबिक' लिहिते."

संध्याकाळी मृणालिनीने मार्कहॅमला ऋचाला फोन लावला. ऋचा तिची एकुलती मुलगी, त्रेचाळीस वर्षांची, तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मृणालिनीने सगळं एका दमात सांगितलं. वही, अक्षर, आवाज. सांगताना वाटलं होतं, आता ऋचा किंचाळेल, "व्हॉट?" म्हणेल. ऋचा काहीच बोलेना.

"ऐकतेस ना?"

"आई," ऋचा म्हणाली, "आय न्यू. मला माहीत होतं."

मृणालिनी काही म्हणायच्या आत ऋचा पुढे सांगू लागली.

"सेकंड इयरला होते. माझी युक्रेनी रूममेट हाना, आठवते? ती मला त्यांच्या ख्रिसमस कॉन्सर्टला घेऊन गेली. मागच्या रांगेत बाबा. एम्ब्रॉयडरीवाला शर्ट घालून. मला वाटलं, मला भास होतोय. नंतर पार्किंग लॉटमध्ये ते रडले, आई. मला म्हणाले, प्रॉमिस कर."

"काय प्रॉमिस?"

"तुला सांगणार नाही म्हणून."

"का पण?" मृणालिनीचा आवाज चढला. "मी काय खाल्लं असतं त्याला? गाणं म्हणत होता, दारू पीत नव्हता! एवढी काय मी..."

"आई, तू ते करून दाखवायचीस ना."

"काय करून दाखवायचे?"

"बाबांचं गाणं. मंडळातलं."

मृणालिनीला तो गणपतीचा कार्यक्रम आठवला.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. ओटावात तेव्हा मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, गणपतीचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये. चंद्रकांत एक भावगीत म्हणायला उभा राहिला होता. पेटीवाल्याने आपल्या सोयीची पट्टी धरली. ती चंद्रकांतला फार वरची पडली. अंतऱ्यात आवाज फाटला, कोंबड्यासारखा. पहिल्या रांगेत बसलेल्या मृणालिनीला हसू आवरलं नाही. ती हसली म्हणून सगळे हसले. चंद्रकांतही हसला आणि खाली येऊन बसला.

तेवढ्यावर संपलं असतं. पण मृणालिनी गमत्या स्वभावाची म्हणून मंडळात प्रसिद्ध होती. नकला तिला छान जमायच्या. पुढच्याच पार्टीत कुणीतरी आग्रह केला आणि तिने चंद्रकांतचं गाणं करून दाखवलं. हात छातीवर, मान वर, आणि मग तो फाटलेला सूर. लोक पोट धरून हसले. मग ते ठरूनच गेलं. मॉन्ट्रियलहून, टोरांटोहून पाहुणे आले की कुणीतरी म्हणायचं, "मृणालिनी, ते दाखव ना!" आणि ती दाखवायची. दहा वर्षं, पंधरा वर्षं. चंद्रकांत शेजारी बसलेला असायचा, हातात प्लेट घेऊन, हसत.

"तो हसायचा," ती ऋचाला म्हणाली.

"हो," ऋचा म्हणाली. "ही डिड."

"तू मला का नाही सांगितलंस? तो गेल्यानंतर तरी?"

"कारण तू म्हणाली असतीस, तो हसायचा."

फोन ठेवल्यावर मृणालिनीला रडू येईना. आपण लोकांना हसवतो याचा तिला आयुष्यभर अभिमान होता, आणि आज कुणीतरी येऊन सांगितलं होतं की ज्या पायरीवर आपण रोज पाय देत होतो ती कुणाची तरी पाठ होती. घरात कधी त्याने गुणगुणलंसुद्धा नाही. अंघोळ करताना नाही, गाडी चालवताना नाही. तिला ते कधी खटकलंही नव्हतं. तिने मनाशी धरलं होतं की त्याला गाण्याचं अंग नाही.

त्या गुरुवारी ती 'लिपा'च्या तालमीला गेली. समितीचं काम अजून चालू होतं, म्हणून तिने आधी मोनिकला विचारून घेतलं. मोनिक म्हणाली, तुमचं नाव त्या अर्जावरून निघालंय, आता तुम्ही कुठेही जाऊ शकता.

चर्चच्या बेसमेंटचा जिना उतरताना कांदा परतल्याचा आणि ओल्या कोटांचा वास आला. खाली तीसेक माणसं खुर्च्या मांडत होती. दारातल्या म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली. बघता बघता सगळे थांबले. मग एक उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढे आला. मृणालिनीने त्याला ओळखलं. स्टीव्ह. चंद्रकांतच्या अंत्यविधीला हा आणखी चौघांना घेऊन मागे उभा होता. ब्रिजची मंडळी, असं तिने धरलं होतं. पाचही जण तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. नुसते तिचे हात घट्ट दाबून गेले होते, आणि तिला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं.

स्टीव्ह तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत, हातवारे करत तो म्हणाला, "तुम्ही! आलात! खूप! आनंद!"

"मी मृणालिनी. चंद्रकांतची बायको," ती म्हणाली. "तुम्ही असं का बोलताय?"

स्टीव्ह दचकला. "तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की. का नाही येणार?"

स्टीव्हने मागे वळून पाहिलं. वृंदाची संचालिका, दारिया नावाची करड्या केसांची बाई, हातातले कागद छातीशी धरून उभी होती. "पण चंद्रा म्हणाला होता..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय म्हणाला होता?"

स्टीव्हने एक खुर्ची ओढून तिला बसवलं आणि तो समोर बसला.

"माझं खरं नाव स्तेफान. लॅबमध्ये सगळे स्टीव्ह म्हणायचे," त्याने सुरुवात केली. "एकदा तिथल्या वॉशरूममध्ये चंद्रा हात धुता धुता गुणगुणत होता. त्याला वाटलं कोणी नाही. मी म्हटलं, अरे, तू तर बास आहेस! त्याला बास म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. म्हणाला, माझा आवाज वाईट आहे, फाटतो. मी म्हटलं, खाली गाऊन बघ. आमच्याकडे असल्या आवाजासाठी माणसं रांग लावतात. आमची सगळी गाणी त्या खालच्या आवाजावर उभी असतात, घर जसं जोत्यावर. पहिल्या वर्षी कॉन्सर्टच्या वेळी दारियाने विचारलं, तुझ्या बायकोला का नाही आणलंस? तो म्हणाला, 'तिला माझं ऐकू येत नाही.'"

स्तेफानने हात पसरले. "आम्हाला वाटलं, तुम्ही बहिऱ्या आहात. आम्ही त्याला कधी परत विचारलं नाही. वाईट वाटलं असतं त्याला. दर ख्रिसमसला दारिया तुमच्यासाठी प्रार्थना करायची."

मृणालिनीने तोंडावर हात घेतला. हसू की रडू, काय फुटेल याची तिलाच खात्री नव्हती. फुटलं ते रडू. तेरा महिन्यांत, अंत्यविधीलासुद्धा, ती अशी रडली नव्हती. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली, कुणीतरी कागदी प्लेटमध्ये बटाट्याचं सारण भरलेल्या गरम पिरोही आणून मांडीवर ठेवल्या. खारकीवहून दोन वर्षांपूर्वी आलेली लारिसा नावाची तरुण बाई तिच्या पायाशी जमिनीवर बसून राहिली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती.

"ती बहिरी नाही," मृणालिनी शेवटी म्हणाली, स्वतःबद्दलच, परक्या बाईबद्दल बोलावं तसं. "पण तो खोटं बोलला नाही."

मग तिने त्यांना जिमची गोष्ट सांगितली. नकलेचीही सांगितली, काही न लपवता. कुणी हसलं नाही. एक म्हातारी मान हलवत राहिली. दारियाने कपाटातून एक जाड निळी वही काढली आणि तिच्या हातात दिली.

पानंच्या पानं देवनागरीत भरलेली. शब्दांखाली बारीक अक्षरांत अर्थ. झेम्ल्या म्हणजे जमीन. नेबो म्हणजे आकाश. व्होदा म्हणजे पाणी. मृणालिनी चाळत गेली. एका पानावर लिहिलं होतं, 'माति = आई!!' आणि शेजारी समासात, नागमोडी रेघेवर: 'मृणालला सांगायला हवं, इकडे माती म्हणजे आई.'

तारीख २००४ची होती. तेव्हा ती रोज लॅबमधून नखांत माती घेऊन घरी यायची. त्याला सांगायचं होतं. त्या दिवशी घरी येऊन बूट काढताना हे त्याच्या ओठांवर आलं असेल, आणि तिने विचारलं असेल, "कोण जिंकलं?"

वही तिने घरी नेली नाही. दारिया आग्रह करत होती, पण ती म्हणाली, "इथेच राहू दे. त्याने इथे ठेवली होती."

मार्चमध्ये समितीची बैठक झाली. एकोणिसावा अर्ज आला तेव्हा मृणालिनी खोलीबाहेर जाऊन बसली. दार बंद होतं. वीस मिनिटं ती कॉरिडॉरमधल्या बाकावर होती. दार उघडलं तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. निकाल तिला इतरांसारखाच एप्रिलमध्ये कळला. 'लिपा'ला मदत मिळाली, पण मागितली त्याहून कमी. बारा गाण्यांची सात करावी लागणार होती. स्तेफान फोनवर चिडला होता. गाळलेल्या पाचांतली दोन गाणी आता जगात फक्त त्याला आणि आणखी एका म्हातारीला येत होती. मृणालिनी म्हणाली, "मग ती तुम्ही फोनवर का होईना, आधी रेकॉर्ड करून ठेवा. मी येते." ती गेली, आणि दोन शनिवार त्याच्या स्वयंपाकघरात बसून ती गाणी तिने फोनवर टिपली.

रेकॉर्डिंग जूनमध्ये झालं. सातव्या गाण्याला चंद्रकांतच्या जागी गाणारं कोणी मिळालं नाही. दारियाला २०१६च्या त्या जुन्या टेपमधला त्याचा आवाज घ्यायचा होता, आणि त्यासाठी घरच्यांची सही लागत होती. ऋचा मार्कहॅमहून गाडी चालवत आली. मायलेकी स्टुडिओच्या काचेमागे शेजारी शेजारी बसल्या. फेब्रुवारीपासून दोघी फोनवर बोलत होत्या, पण जपून, नवीन ओळख झालेल्या माणसांसारख्या.

सही करण्याआधी मृणालिनी म्हणाली, "मला पूर्ण ऐकायचंय. त्या दिवशी मी चौथ्या ओळीला बंद केलं होतं."

तंत्रज्ञाने टेप लावली. काचेपलीकडे बायकांनी हेडफोन घातले आणि त्यांचे आजचे आवाज त्या जुन्या आवाजाला जाऊन मिळाले. लारिसा डोळे मिटून गात होती. चंद्रकांतचा आवाज चौथ्या ओळीला अडखळला, श्वास घेऊन पुढे गेला, आणखी खाली उतरला, इतका खाली की तो कानांपेक्षा टेबलावर ठेवलेल्या हाताला जास्त कळत होता. मग तो तिथेच थांबून राहिला आणि बाकीचे सगळे त्याच्यावर उभे राहिले. कुठेही फाटला नाही.

मृणालिनीने ऋचाचा हात धरला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

गाणं संपल्यावर तंत्रज्ञाने विचारलं, "ठीक होतं? की परत लावू?"

"परत लावा," मृणालिनी म्हणाली.